नोंदीबाहेरचा दिवस

आमच्या आरोग्य केंद्रात पाऊल टाकलं की सर पहिलं काम करायचे ते सगळ्यांची पेनं गोळा करण्याचं. दाराशी बाकावर खमणाचा रिकामा प्लास्टिकचा डबा ठेवलेला असे. डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत प्रत्येकाने आपलं पेन त्यात टाकायचं आणि संध्याकाळी जाताना परत घ्यायचं. मावशींना लिहिता येत नव्हतं, तरी सर त्यांनाही पिशवी उलटी करून दाखवायला लावत. "पेन हे व्यसन आहे," ते म्हणत. "हाताशी असलं की माणूस लिहितो. लिहिलं की कागद साठतो. कागद साठला की उंदीर येतो." उंदरांवर त्यांचा फार राग होता. पुढे उंदरांनीही तो राग व्याजासकट फेडला, ते ओघात येईलच.

सर डॉक्टर नव्हते. खेड्यांतल्या सरकारी दवाखान्यांमधल्या जाडजूड वह्या बंद करायच्या आणि प्रत्येक पेशंटची सगळी माहिती कंप्युटरवर आणायची, अशी योजना आली, तेव्हा तिच्यावर देखरेख करायला जिल्ह्याने त्यांना नेमलं होतं. त्यांच्या ताब्यात बरीच केंद्रं होती, पण मुक्काम आमच्याकडेच जास्त. ते सुरतेच्या टोकाला, कोसाडला राहत आणि तिथून ओलपाड तालुक्यातलं आमचं गाव स्कूटरवर जवळ पडे. शिवाय आमचं केंद्र त्यांनी 'आदर्श केंद्र' म्हणून निवडलं होतं. आदर्श होण्यासारखं आमच्यात काय होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा आमचा पंखा चालू होता. मी तिथे कंत्राटावर कंप्युटर ऑपरेटर होते. सुरतेतल्या पांडेसऱ्याहून दोन बस बदलून जायचे आणि दिवसभर त्यांच्या आदर्शाला टायपिंग पुरवायचे.

सरांचं एक वाक्य होतं, आणि खरं तर एकच होतं: "जे नोंदलं नाही, ते घडलं नाही." ते त्यांनी मराठीत आणि गुजरातीत छापून भिंतीवर लावलं होतं. मी एकदा म्हटलं, "सर, हा कागदच की." ते शांतपणे म्हणाले, "कागद नाही. लॅमिनेशन आहे."

हे वाक्य ते कुणालाही, कधीही लावत. एकदा मावशी पायरीवरून घसरल्या आणि पाय धरून बसल्या. सर आले आणि वाकून विचारलं, "नोंद केली?" मावशी म्हणाल्या, "नाही ओ, आत्ताच पडले." "मग उठा," सर म्हणाले. गंमत म्हणजे मावशी उठल्या. त्या दिवशी सरांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी पुन्हा फक्त एकदाच पाहिलं, आणि त्या वेळी मला ते आवडलं नाही.

स्वतःवरही ते हाच कायदा चालवत. दुपारी ओट्यावर बसून लोचो, म्हणजे सुरतेचा तो भुसभुशीत ढोकळा, खायचे, आणि खाल्ल्याबरोबर टॅबवर नोंद व्हायची: लोचो, एक प्लेट, तिखट. मग रक्तदाब. मग पुन्हा नोंद. एकदा मी विचारलं, "सर, हे बघतं कोण?" ते म्हणाले, "बघणारा महत्त्वाचा नाही. नोंद महत्त्वाची." देवाबद्दलही माणसं असंच बोलतात, म्हणून मी पुढचा फॉर्म उघडला.

आता या भक्ताची त्याच्या देवाशी गाठ कशी पडायची ते सांगते. हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन होतं आणि ते मशीन सरांना ओळखत नसे. सर धुळ्याकडून पोरवयात सुरतेला आलेले. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगाच्या आणि केमिकलच्या पाण्यात त्यांनी कित्येक वर्षं हात घातलेला. रात्री कॉलेज, मग कंप्युटरचा क्लास, असं करत वर आले, पण वर येताना बोटांवरच्या रेषा मिलमध्येच राहिल्या. माझ्या वडिलांचंही तेच. आमच्या गल्लीत अर्ध्या माणसांना रेशनच्या मशीनवर अंगठा चार-चार वेळा घासावा लागतो आणि प्रत्येक वेळी ते मशीनला शिव्या घालतात. सर शिव्या घालत नसत. व्हॅसलिन लावत, लिंबू चोळत, अंगठा पँटला पुसत आणि पुन्हा ठेवत. मशीन लाल दिवा दाखवी. "मशीन मला ओळखत नाही, यात चूक माझी आहे," असं ते म्हणत. इतकी नम्रता मी त्यांच्यात माणसांसमोर कधी पाहिली नाही.

मिलचं आणि गावाचं ते कधी बोलत नसत. घरी त्यांची आई अहिराणी बोले, हे मला आमच्या ओळखीतून माहीत होतं. पण आम्हा खानदेशी मंडळींशीही ते पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत आणि वरिष्ठांशी अडखळत गुजराती. माझ्या तोंडून कधी 'काय करी ऱ्हायनात सर' निघालं, तर ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "ऑपरेटर, भाषा." ते सगळ्यांना हुद्द्याने हाक मारत. दोन वर्षांत त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही, मात्र ते माझ्या लॉगिनमध्ये बरोबर लिहिलं आहे की नाही हे दर महिन्याला तपासलं.

पण त्यांचा खरा पराक्रम म्हणजे त्यांचं स्वतःचं रेकॉर्ड. गावोगावच्या नर्सबायांना कंप्युटर शिकवायचा, तर सरावाला एक पेशंट लागतो. खऱ्या पेशंटवर सराव करू नये, हे सरांना पटत होतं. म्हणून प्रत्येक शिकवणीत ते छाती पुढे काढून म्हणत, "उदाहरण म्हणून मला घ्या." झालं, बायांनी त्यांना घेतलं. एका शिकवणीत त्यांना साप चावला. दुसरीत कुत्रा चावला, तिसरीत पुन्हा तोच. क्षयरोगाचा कोर्स पूर्ण झाला, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले. ॲलर्जीचा रकाना कसा भरायचा ते शिकवताना मी स्वतः त्यांच्या नावावर पेनिसिलिन टाकलं. पुढे गरोदर मातेचा फॉर्म शिकवायचा आला. पुरुषाच्या नावावर तो उघडेना, तेव्हा एका हुशार नर्सने सरांना तेवढ्यापुरतं 'स्त्री' केलं. नंतर परत 'पुरुष' करायला गेलो, तर कंप्युटर म्हणाला, गर्भारपण नोंदवलेलं आहे, आता बदल होणार नाही.

"खोडता येत नाही का?" मी विचारलं.

"खोडता येऊच नये," सर अभिमानाने म्हणाले. "हा नियम मीच सुचवला होता. वहीत व्हाइटनर लावतात, पान फाडतात. इथे एकदा नोंदलं की नोंदलं." असे आमचे सर सापाचा दंश, क्षयरोग, दोन मोतीबिंदू आणि चालू गर्भारपण घेऊन गावोगाव नियम शिकवत फिरत होते.

आता आमच्या सिस्टरबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीत ज्याचं काही जायचं होतं ते तिचं. मूळची जळगावकडची, वडील रेल्वेत, घर उधन्याला. केंद्रात ती चौदा वर्षं होती, आणि डॉक्टर येत-जात राहिले तरी गावाच्या दृष्टीने दवाखाना म्हणजे ती. तिचा नवरा लूमवर कामाला होता. त्याला लकव्याचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. दिवसा शेजारीण बघायची, पण संध्याकाळी साडेसातला सिस्टर घरी पोचली तरच त्याला जेवण मिळायचं, कारण तो दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसे. म्हणून चौदा वर्षांत तिने दोन बढत्या नाकारल्या आणि वरच्या लोकांकडे एकच मागणं केलं: मला इथून हलवू नका. सगळ्यांना हे ठाऊक होतं, सरांनाही. सर म्हणाले होते, "अर्जात लिहिलंय का?" तिने लिहिलं होतं, पण कागदावर.

सिस्टर सरांच्या डब्यात रोज एक पेन टाकायची आणि दुसरं अंबाड्यात खोचायची. सरांना ते कधी दिसलं नाही. पडद्यावर नसलेली गोष्ट त्यांना सहसा दिसत नसे.

थंडीत आमच्या भागात उसाची तोडणी चालते. नवापूर-साक्रीकडून टोळ्या येतात, शेताच्या कडेला झोपड्या घालून राहतात आणि मुकादमाच्या हुकुमावर कोयता चालवतात. या लोकांची नोंदणी मी केली होती. कंप्युटरला प्रत्येकाचा मोबाइल नंबर हवा. बहुतेकांकडे नंबर नाही, असला तर तो पुढच्या हंगामात बदललेला. मग सगळी टोळी एकच नंबर सांगायची, मुकादमाचा. एक नंबर म्हणजे एक कुटुंब, असं कंप्युटरला शिकवलेलं. नवऱ्याचं नाव विचारलं की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. आणि सरांच्या हुकुमाने कुठलाही रकाना रिकामा सोडायचा नाही. मग कंप्युटर आपोआप कुटुंबप्रमुखाचं नाव भरी. अशा रीतीने आमच्या मुकादमाचं चौतीस माणसांचं कुटुंब झालं आणि त्याच्या पाच बायका एकाच वेळी गरोदर राहिल्या. वरून विचारणा आली, तेव्हा सरांनी उत्तर पाठवलं: एकाच कुटुंबातील पाच मातांपर्यंत योजना पोहोचली आहे. आकडा बरोबर होता, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही.

त्या पाचांतली एक, आठव्या महिन्यातली, एका सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली. डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, अंग झटके देत होतं. बरोबर तिची सासू आणि दोन बाया. डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेलेले. सिस्टरने एक नजर टाकली, रक्तदाब घेतला आणि मला ओरडून सांगितलं, "ॲम्ब्युलन्सला फोन लाव!" मी लावला. तेवढ्यात सर टेबलाशी येऊन उभे राहिले आणि ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला.

"पहिलं रेकॉर्ड उघडा. मग सुई."

रेकॉर्ड उघडायला ओटीपी हवा. ओटीपी गेला मुकादमाच्या मोबाइलवर. मुकादम गेलेला उसाचा ट्रक घेऊन कारखान्यावर. मी चार वेळा फोन केला, तो उचलेना.

"मुकादम फोन घेत नाहीये सर," मी म्हणाले.

"परत पाठवा ओटीपी."

बाईला पुन्हा झटका आला. तिची सासू जमिनीवर बसली आणि आमच्या पायांकडे बघत म्हणाली, "माय, कायबी करा वं."

"सर, बाजूला व्हा," सिस्टर म्हणाली. तिने कपाटातून इंजेक्शनं काढली होती.

"सिस्टर, नोंद नसताना उपचार दिला, तर ही बाई इथे आली होती हे उद्या कोण सांगणार?"

"ती सांगेल ना. जगली तर."

तिने सरांना खांद्याने ढकललं आणि सुई दिली. एक, मग दुसरी. हळूहळू झटके थांबले. ॲम्ब्युलन्स आली आणि बाईला सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे तिला मुलगी झाली, दोघी जगल्या. महिन्याभराने ती मुलीला फडक्यात बांधून दाखवायला आली, आणि सिस्टरला उसाचं एक कांडं देऊन गेली.

पण मला त्या सकाळचं पुढचं सांगायचंय. अकरा वाजून पाच मिनिटांनी मुकादमाने फोन घेतला, ओटीपी सांगितला आणि रेकॉर्ड उघडलं. सुई दिली होती दहा वीसला. सिस्टर हात धूत होती. मी हळूच विचारलं, "सिस्टर, सुईची वेळ अकरा सहा टाकते. कुणाला कळणार नाही."

"जे झालं ते टाक," ती म्हणाली.

"पण मग तुमच्यावर येईल."

"येऊ दे की. बाई जगली ना? काय चोरी केली का मी? टाक पोरी, दहा वीस."

मी टाकलं. माझ्या नोकरीतली ती सर्वांत खरी नोंद. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या दिवशी मी थोडं खोटं लिहायला हवं होतं. मला तेवढी अक्कल होती, हिंमत नव्हती.

संध्याकाळी सरांच्या पडद्यावर लाल ओळ उमटली: रेकॉर्ड उघडण्यापूर्वी उपचार. त्यांच्या चेहऱ्यावर तेच तेज आलं, मावशी उठल्या होत्या तेव्हाचं. "बघितलंत ऑपरेटर? पकडलं! सिस्टीमने पकडलं!" जिची ओळ होती ती समोर बसून पट्ट्या गुंडाळत होती, याचं त्यांना काही नव्हतं. शत्रुत्व वगैरे मुळीच नाही. नवीन घेतलेल्या पिंजऱ्यात पहिला उंदीर सापडावा, तसा त्यांना आनंद झाला होता. त्यांनी शेरा लिहिला, 'शिस्तभंग', आणि वर पाठवला. मला अचूक नोंदीबद्दल शाबासकीही दिली. ती शाबासकी अजून माझ्या घशात अडकून आहे.

शेरा वर गेला आणि सरकारी वेगाने फिरत राहिला. पावसाळा आला. भादव्यात खाडीला पूर आला आणि केंद्रात गुडघाभर पाणी शिरलं. आम्ही औषधांची खोकी वरच्या फळीवर ठेवत होतो. सरांनी काय केलं, तर कंप्युटरचा मोठा डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर घेतला आणि पँट वर खोचून निघाले पंचायतीच्या माडीकडे. टाचांना भेगा पडलेल्या, पायात चप्पल नाही, पाण्यात वाहत आलेला कचरा आणि मेलेले उंदीर. सिस्टर खिडकीतून ओरडली, "अहो सर, त्या पाण्यात अनवाणी जाऊ नका, लेप्टो होईल! राहू द्या तो डबा!"

सर वळून म्हणाले, "माणसं पोहतात सिस्टर. हा पोहत नाही."

काही झालं तरी त्या क्षणी ते मला आवडले. ज्याच्यासाठी ते बुडायला तयार होते ते लोखंडाचं खोकं होतं, पण तयार होते हे खरं. घरी जाऊन मी वडिलांना सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, "मिलमध्ये पण असंच. मशीन पहिलं वाचवायचं, हे शिकवलंय त्याला."

आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाणी चढलं आणि सुरतेकडचा रस्ता बंद झाला. त्या दुपारी सर स्कूटर ढकलत केंद्रात आले. आदल्या रात्री ते पंचायतीच्या माडीवरच राहिले होते, डब्याजवळ. डोळे लालभडक, पोटऱ्या धरून चालत होते, अंगाला चटका बसेल इतका ताप. सिस्टरने डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, पोटरी दाबली. सर किंचाळले.

"लेप्टो," ती म्हणाली. आमच्या भातशेतीच्या पट्ट्यात हा ताप ओळखायला मोठं पुस्तक लागत नाही. उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून पायाच्या भेगेत. वेळेवर औषध गेलं नाही तर मूत्रपिंडं जातात, हेही आम्ही दर पावसाळ्यात पाहत असू.

त्या दिवशी डॉक्टर होते. नुकतेच पास झालेले, बाँडची मुदत भरायला आलेले, पाहुण्यासारखे सभ्य. सर बाकावर आडवे झाले आणि म्हणाले, "रेकॉर्ड उघडा."

अंगठा ठेवला. मशीनने ओळखलं नाही. त्या हालतीतही त्यांनी तो पँटला पुसला. मग मोबाइलवर ओटीपी आला आणि रेकॉर्ड उघडलं. डॉक्टरांनी एक औषध निवडलं. पडदा लाल झाला: गरोदर स्त्रीस देऊ नये. डॉक्टरांनी दुसरं निवडलं, पेनिसिलिन. पडदा पुन्हा लाल झाला: ॲलर्जी. डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "सॉफ्टवेर ना पाडे छे, नाही म्हणते."

"डॉक्टर, ती ॲलर्जी खोटी आहे, शिकवताना मीच टाकली होती," मी म्हणाले.

"पण रेकॉर्डमध्ये आहे ने," डॉक्टर म्हणाले. "काही झालं तर मला विचारशे. सर, तुम्हीच सांगो, शुं करूं?"

सगळे सरांकडे बघायला लागले. सरांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं, स्वतःचं नाव, खाली लाल पट्टी. मला वाटलं, आता तरी म्हणतील. ते म्हणाले, "नियम आहे."

सिस्टर त्यांच्या उशाशी गेली, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "कितवा महिना, सर?"

सर पडद्याकडे बघतच होते. ओठ कोरडे पडले होते. ते म्हणाले, "सातवा."

मावशी फस्सकन हसल्या. मीही हसले आणि हसता हसता मला रडू आलं. मग सरांना थंडी भरली, दात वाजायला लागले, आणि दोन वर्षांत कधी ऐकली नव्हती ती भाषा त्यांच्या तोंडून बाहेर आली. त्यांनी सिस्टरचा हात धरला आणि म्हणाले, "मी मरी जासू का वं माय?"

"नही मरस तू. गपचूप पड," सिस्टर त्यांच्याच भाषेत म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर जाऊन पाणी किती चढलं ते बघून या." डॉक्टर इतक्या झटकन गेले की चप्पल घालायची विसरले. सिस्टरने कपाट उघडलं. आधी कातडीखाली थेंबभर टोचून ॲलर्जीची चाचणी केली, घड्याळात बघत थांबली. काही झालं नाही. मग पूर्ण सुई दिली आणि सहा तासांनी दुसरी. संध्याकाळी शेजारणीला फोन करून सांगितलं, "आज त्यांना दूध तेवढं पाजून बघा." दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर सरांना सुरतेला हलवलं.

मी कीबोर्डवर हात ठेवून विचारलं, "सिस्टर, काय टाकू?"

"काही नको टाकू."

"काहीच नाही?"

"मागच्या वेळी टाकलं ना खरं," ती म्हणाली. अंबाड्यातलं पेन काढून तिने औषधांच्या यादीत फक्त एवढंच लिहिलं: पेनिसिलिन, दोन बाटल्या, फुटल्या.

सर तीन आठवड्यांनी परत आले. अर्धे झाले होते. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, पहिली सुई कुणी दिली, तिच्यामुळे तुमची मूत्रपिंडं राहिली. सर आल्या आल्या माझ्या टेबलाशी बसले आणि त्या तारखेचं स्वतःचं रेकॉर्ड उघडलं. ताप नाही, सुई नाही, काही नाही. होतं ते फक्त गर्भारपण, आता आठव्या महिन्यात पोचलेलं. मग त्यांनी औषधांची यादी मागवली. फुटलेल्या दोन बाटल्यांवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. ती यादी कागदावर होती, तरी त्यांनी ती नीट घडी घालून परत दिली.

त्याच आठवड्यात सिस्टरच्या बदलीचा हुकूम आला. शिस्तभंगाचा शेरा फिरून फिरून शेवटी पोचला होता. जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, डोंगरातलं केंद्र. तिथून रोज उधन्याला परतणं शक्यच नव्हतं. सिस्टरने हुकूम वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि मला विचारलं, "तिथे भाड्याने खाली खोली मिळत असेल का गं? त्यांना जिना चढवत नाही."

सर्वांचं जेवण झाल्यावर सर माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "ऑपरेटर, तो थंडीतला शेरा जरा उघडा." मी उघडला. "तो खोडा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली. मी प्रयत्न केला. कंप्युटर म्हणाला, नोंद कायम झाली आहे. त्यांनी स्वतःचं लॉगिन टाकलं, स्वतःचा पासवर्ड, मग अंगठा. लाल दिवा. पुसला, पुन्हा ठेवला. लाल दिवा. त्यांनी वरच्या ऑफिसला फोन केला, अडखळत गुजरातीत विनवण्या केल्या. पलीकडून उत्तर आलं, साहेब, हा नियम तर तुमचाच ने?

"मग त्या दिवशीची खरी नोंद तरी करू," मी म्हणाले. "सिस्टरनी तुम्हाला वाचवलं हे लिहू. कुणीतरी वाचेल."

त्यांनी भिंतीवरच्या लॅमिनेशनकडे पाहिलं. मग म्हणाले, "रेकॉर्ड न उघडता उपचार. ते दुसरं उल्लंघन होईल." ते बरोबर बोलत होते. मला त्यांचा इतका राग आला की टेबलावरचा कंप्युटर त्यांच्या डोक्यावर ठेवावा आणि पुन्हा पुरात सोडावं.

शेवटच्या दिवशी सिस्टरने आपलं सामान एका पिशवीत भरलं. रक्तदाबाचं मशीन, जेवणाचा डबा आणि नवऱ्याचा एक फोटो. गावातल्या बाया दारात उभ्या होत्या. सर आले. त्यांच्या हातात चमकत्या कागदात बांधलेली छोटी पेटी होती. त्यांनी ती पुढे केली. सिस्टरने उघडली, तर आत पेन. चांगलं, जाड, सोनेरी क्लिपचं.

अंगात ताप नसताना पहिल्यांदाच त्यांनी तिला हुद्द्याने हाक मारली नाही. "ताई," ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही मला..."

सिस्टरने पिशवी खांद्याला लावली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुठला दिवस, सर?"

मग तिने ते पेन दारातल्या खमणाच्या डब्यात टाकलं आणि बसस्टॉपकडे चालायला लागली.